बरोबरच्या चिन्हाचा ओळंबा

"लेख दे, पण कॉम्प्युटरवर नको रे बाबा. निम्म्या वाचकांना कळत नाही आणि उरलेल्या निम्म्यांना आठवडाभर तेच करून वीट आलेला असतो," असं संपादक मंडळातल्या मावशींनी फोनवर बजावलं. मी म्हटलं, मावशी, कॉम्प्युटरवर नाही लिहीत, स्पेसबारवर लिहितो. त्या नुसतं "बरं" म्हणाल्या. तेव्हा मंडळी, हा स्पेसबारचा, म्हणजे कोऱ्या जागेचा थोडासा इतिहास. तो लिहावासा वाटला कारण या कोऱ्या जागेनेच मला एकदा चांगलं गोत्यात आणलं होतं.

आधी विषय काय ते सांगतो. वाण्याची यादी डोळ्यांपुढे आणा. डावीकडे जिन्नस, उजवीकडे रक्कम. रकमा एकाखाली एक आल्या तर बेरीज पटकन होते, वेड्यावाकड्या आल्या तर बोट ठेवून वाचावं लागतं. प्रोग्राममध्येही अशा याद्या असतात. डावीकडे एखादं नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे त्याची किंमत, अशा पन्नास-शंभर ओळी. नावं लहानमोठी असल्यामुळे बरोबरची चिन्हं नागमोडी दिसतात. मग चिन्हाच्या आधी लागतील तेवढ्या स्पेस घालून ती सगळी एका उभ्या रेषेत आणायची. गवंडी ओळंबा सोडून भिंत सरळ आहे की नाही बघतो, तसलाच प्रकार. कॉम्प्युटरला याने बहुतेक वेळा काही फरक पडत नाही. सोय असते ती वाचणाऱ्या माणसाची. या कामाला आमच्यात अलाइनमेंट म्हणतात, आणि एडिटरमध्ये ते आपोआप करून देणारी जी छोटी पुरवणी बसवता येते तिला प्लगिन.

दिवाळीच्या अंकात हे सांगायला हरकत नाही, कारण लक्ष्मीपूजनाला जी वही पुजतात तिची मांडणी मुळात अलाइनमेंटवरच चालायची. जुन्या देशी वह्यांत छापील रेघा नसत. कागदाला घड्या घालून सळ पाडायचे आणि त्या सळांच्या आधाराने जमा डावीकडे, नावे उजवीकडे लिहायचं. रेघ मारायची गरजच नाही, घडीच रेघेचं काम करते.

कॉम्प्युटरच्या जगात मात्र रकान्यांची सुरुवात वाचकाच्या सोयीसाठी झाली नाही. ती यंत्राची सक्ती होती. हर्मन हॉलरिथने अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेसाठी भोकं पाडलेली कार्डं वापरली. पुढे १९२८ मध्ये आयबीएमने ८० रकान्यांचं कार्ड काढलं, चौकोनी भोकांचं, आणि तो ८० चा आकडा आजतागायत आमच्या मानगुटीवर आहे. एक कार्ड म्हणजे प्रोग्रामची एक ओळ. कोणतं अक्षर कितव्या रकान्यात आहे त्यावर त्याचा अर्थ ठरायचा.

१९५७ साली आयबीएमची फोर्ट्रान भाषा आली, जॉन बॅकस आणि त्याच्या चमूने केलेली. तिचे नियम आपल्याकडच्या सोवळ्याइतके कडक. पहिले पाच रकाने ओळीच्या क्रमांकासाठी. सहाव्यात काही भोक असेल तर ही आधीच्याच ओळीची पुढची कडी. सातपासून बहात्तरपर्यंत खरा मजकूर. त्र्याहत्तर ते ऐंशीकडे यंत्र ढुंकूनही बघणार नाही. बहात्तरच का? तर आयबीएम ७०४ हे यंत्र कार्डाची प्रत्येक आडवी रांग ३६ बिटांच्या दोन शब्दांत वाचायचं, आणि ३६ दुणे ७२. उरलेले आठ रकाने वाया जाऊ नयेत म्हणून लोक त्यात कार्डाचा अनुक्रमांक टाकायचे. कारण हातातून गठ्ठा पडला तर! दोन हजार कार्डं जमिनीवर पसरली की ती पुन्हा क्रमाने लावणार कशी? अनुक्रमांक असला तर सॉर्टर यंत्रात घालून लावता यायची. नसला तर पर्याय म्हणून गठ्ठ्याच्या कडेवर मार्करने एक तिरपी रेघ मारून ठेवत. रेघ जुळली की क्रम जुळला.

आपल्या मंडळातले काही काका वायटूकेच्या लाटेत इथे आले, त्यांना हे वाचून हसू येईल. त्यांची भाकरी होती कोबोल. तिथेही तोच कारभार: पहिले सहा रकाने अनुक्रमांकाचे, सातवा खुणेचा, आठ ते अकरा 'ए' क्षेत्र, बारा ते बहात्तर 'बी' क्षेत्र. कार्डं केव्हाच म्युझियममध्ये गेली होती, पण १९९९ मध्ये स्क्रीनसमोर बसूनही माणसं आठव्या रकान्याची मर्यादा पाळत होती. एका काकांनी मला सांगितलं की त्यांनी नोकरीच्या पहिल्या महिन्यात एक वाक्य एक रकाना अलीकडे लिहिलं आणि अख्खी सकाळ त्यात गेली.

कार्डावर भोकं पाडायचं जे यंत्र असायचं, आयबीएमचं ०२६ (१९४९) किंवा नंतरचं ०२९ (१९६४), त्यात एक गंमत होती. आत एक छोटा ड्रम. त्या ड्रमभोवती एक कार्ड गुंडाळायचं आणि त्यावरची भोकं यंत्राला सांगणार की कुठल्या रकान्यापर्यंत उडी मारायची. स्किपची कळ दाबली की सरळ सातव्या रकान्यात हजर. माझ्या मते अलाइनमेंटचं पहिलं प्लगिन म्हणायचं तर ते हे, पुठ्ठ्याचं!

दुसरा पूर्वज टाइपरायटर. इथे मला माझ्या आत्याला आणावं लागेल. ती सांगलीला एका सरकारी कचेरीत टायपिस्ट होती. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा पास. त्या परीक्षांत उताऱ्याबरोबर पत्र असायचं आणि स्टेटमेंट असायचं. स्टेटमेंट म्हणजे तक्ता. भल्याभल्यांची त्यात दांडी उडायची म्हणे. मी गेल्या वर्षी तिला व्हिडिओ कॉलवर विचारलं, "आत्या, तू स्टेटमेंट कसं बसवायचीस गं?" पंचवीस वर्षं यंत्राला हात लावलेला नाही, पण तिने न अडखळता सांगितलं.

आधी प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब शब्द शोधायचा. त्याची अक्षरं मोजायची. सगळ्या रकान्यांची ती बेरीज करायची. साडेआठ इंच रुंद कागद, इंचाला दहा अक्षरं, म्हणजे पंच्याऐंशी घरं. पंच्याऐंशीतून बेरीज वजा. जे उरलं ते रकान्यांमधल्या मोकळ्या जागांत वाटून टाकायचं. मग त्या त्या ठिकाणी टॅबचे स्टॉप लावायचे आणि टायपिंगला सुरुवात करायची. "आधी पेन्सिलीने हिशेब, मग यंत्राला हात. उलटं केलंस की फसलास," असं ती म्हणाली.

हे सगळं जमायचं कारण टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला जागा सारखीच. इंग्रजीतला बारीकसा 'आय' आणि ऐसपैस 'एम', दोघांना एकच घर. आजही प्रोग्रामर मंडळी अशाच सारख्या रुंदीच्या फाँटमध्ये काम करतात. हा अंक ज्या फाँटमध्ये छापतात त्यात कोड अलाइन करून दाखवायचा म्हटलं तर शक्यच नाही, म्हणून इथे एकही उदाहरण छापलेलं नाही.

टाइपरायटरची टॅबची कळ पुढे टेलिप्रिंटरमधून कॉम्प्युटरमध्ये आली. १९६३ च्या अ‍ॅस्की संकेतात टॅबला नववा क्रमांक मिळाला. पण तिथे एक घोळ झाला. आत्या यंत्रावर टॅबचे स्टॉप स्वतः लावायची, ते तिच्या यंत्रावर राहायचे. कॉम्प्युटरच्या फाइलमध्ये मात्र फक्त 'इथे टॅब आहे' एवढंच लिहिलेलं असतं, किती लांब उडी मारायची ते लिहिलेलं नसतं. युनिक्सवाल्यांनी आठ घरं धरली. नंतर कुणी चार धरली, कुणी दोन. त्यामुळे माझ्या स्क्रीनवर सुतात दिसणारा कोड शेजाऱ्याच्या स्क्रीनवर कोलमडतो. टॅब की स्पेस हे भांडण त्यातूनच निघालं आणि ते मिटेल असं मला वाटत नाही.

टॅबचीच आणखी एक कथा सांगतो, कारण ती फार माणसासारखी आहे. १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमनने मेक नावाचं साधन लिहिलं. प्रोग्राम बांधायला ते आजही जगभर वापरतात. त्यात आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू झाली पाहिजे असा नियम आहे. आठ स्पेस दिल्यात तर चालत नाही, आणि डोळ्यांना तर दोन्ही अगदी सारखंच दिसतं! काही आठवड्यांतच फेल्डमनच्या लक्षात आलं की ही योजना बरी नाही. पण तोवर डझनभर लोक ते वापरू लागले होते, बहुतेक त्याचे मित्रच. त्यांचं बस्तान कशाला मोडा, म्हणून त्याने नियम तसाच ठेवला. त्या डझनभर मित्रांच्या भिडेपायी पुढे लाखो लोकांनी डोकी आपटली. त्यातला मी एक.

आता एडिटरकडे येतो. युनिक्सवर सुरुवातीला केन थॉम्पसनचा 'एड' होता. त्यात पूर्ण पान दिसायचंच नाही, एकेक ओळ मागवून बघायची. लंडनच्या क्वीन मेरी कॉलेजातल्या जॉर्ज कूलुरिसने त्याला माणसाळवून 'एम' केला. 'एडिटर फॉर मॉर्टल्स', म्हणजे मर्त्य मानवांसाठीचा एडिटर. १९७६ मध्ये तो बर्कलेला आला असताना तिथल्या बिल जॉय नावाच्या विद्यार्थ्याने ते बघितलं, आणि त्यातून पुढे 'एक्स' आणि 'व्हीआय' झाले. जॉयपुढचं यंत्र होतं एडीएम-३ए. त्यावर बाणांच्या खुणा एच, जे, के, एल या अक्षरांवर छापलेल्या होत्या. आज बाणांच्या वेगळ्या कळा असूनही आम्ही व्हीआयवाले त्याच चार अक्षरांवर बोटं नाचवतो. सवय, दुसरं काय.

त्या काळी मॉडेम इतके हळू असायचे की स्क्रीनवर आलेली ओळ बदलणं हेच नवल होतं. शंभर ओळींतली चिन्हं सुबक करत बसायला फुरसत कुणाला! तरी व्हीआयमध्ये एक दार उघडं होतं. निवडलेल्या ओळी बाहेरच्या एखाद्या प्रोग्रामकडे पाठवायच्या आणि तो जे परत देईल ते त्या जागी ठेवायचं. बर्कलेच्या युनिक्समध्ये पुढे 'कॉलम' नावाचा छोटा प्रोग्राम आला, तो मजकुराचा तक्ता करून द्यायचा. जुनी मंडळी अजूनही तेच वापरतात आणि आमच्या प्लगिनांना नाकं मुरडतात.

ब्रॅम मूलनार या डच गृहस्थाने १९८८ मध्ये आपल्या अमिगा कॉम्प्युटरसाठी व्हीआयची नक्कल करायला घेतली. १९९१ मध्ये ती बाहेर आली. नाव विम, म्हणजे आधी 'व्हीआयची नक्कल' आणि पुढे 'सुधारलेला व्हीआय'. आद्याक्षरं तीच, नाव बदललं. मूलनारने पैसे मागितले नाहीत. आवडलं तर युगांडातल्या किबाले भागातल्या मुलांसाठी देणगी द्या, एवढंच त्याचं म्हणणं. विम उघडलं की तशी एक ओळ दिसते. मी कितीतरी वर्षं ती न वाचता पुढे जात होतो. ३ ऑगस्ट २०२३ ला मूलनार वयाच्या ६२ व्या वर्षी गेला. त्या संध्याकाळी ऑफिसातून घरी येऊन पहिल्यांदा ती ओळ नीट वाचली आणि देणगी पाठवली. उशीरच झाला म्हणायचा.

विमची सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली, तिच्यात प्लगिन बसवायची नीट सोय झाली. मग कोण कोण काय काय करू लागलं! चार्ल्स कॅम्पबेल, ज्याला विमवाले डॉक्टर चिप म्हणून ओळखतात, त्याने अलाइन नावाचं प्लगिन लिहिलं. मॅट वॉझ्निस्कीने टॅब्युलर लिहिलं. जुनेगुन चोईचं ईझी-अलाइन २०१३ च्या सुमारास आलं. तिकडे एमॅक्सच्या पंथात जॉन विग्लीने त्याच कामाची सोय करून ठेवली होतीच.

मी वापरतो ते टॅब्युलर. वापरायचं कसं? ओळी निवडायच्या, कोलन दाबायचं, टॅब्युलराइझ लिहायचं, एक तिरपी रेघ आणि तिच्यापुढे बरोबरचं चिन्ह. एंटर. पापणी लवायच्या आत सगळी चिन्हं ओळंब्यात. तिरप्या रेघेपुढे बरोबरच्या ऐवजी स्वल्पविराम दिला तर स्वल्पविरामाचे रकाने, उभी रेघ दिली तर तक्ता. रकाना डावीकडे चिकटवायचा, उजवीकडे की मध्ये, तेही एका अक्षराने सांगता येतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी शेजारच्या क्युबिकलमधल्या मित्राला ओढून आणून दाखवलं होतं.

आत काय चालतं? प्लगिन प्रत्येक ओळ त्या चिन्हापाशी तोडतं. प्रत्येक रकान्यातला सगळ्यात लांब तुकडा शोधतं. बाकीच्या तुकड्यांना तेवढ्या लांबीचं करायला स्पेस जोडतं. मग सगळं पुन्हा सांधतं. म्हणजे काय, तर आत्याचं स्टेटमेंट. पेन्सिलीचा हिशेब यंत्राने करायचा, एवढाच फरक.

पण आत्या एका बाबतीत प्लगिनच्या पुढे होती. मी एकदा गंमत म्हणून आपल्या गणेशोत्सवाच्या वर्गणीची यादी मराठीत टाइप केली आणि अलाइन करायला गेलो. सगळं वाकडं! कारण कॉम्प्युटरच्या लेखी 'पुणे' हा शब्द चार अक्षरांचा आहे: प, उकार, ण आणि मात्रा. डोळ्यांना दिसतात दोन. उकार आणि मात्रा जागा घेत नाहीत हे प्रोग्रामला मुद्दाम शिकवावं लागतं. विममध्ये पुढे पडद्यावरची रुंदी मोजण्याची सोय आली, तरी जोडाक्षरांपाशी अजून गाडी अडते. 'लक्ष्मी' लिहून बघा, फाँट एक म्हणतो, टर्मिनल दुसरंच म्हणतं. मराठी टाइपरायटरवर उकार, मात्रा, अनुस्वार अशा काही कळा दाबल्या की गाडा पुढे सरकतच नसे. त्यामुळे आत्या मोजताना त्या सोडूनच द्यायची. हा प्रश्न पत्र्याच्या यंत्रात सुटलेला होता.

आता दुसरी बाजू. ही सुबकता सगळ्यांना पटत नाही, आणि विरोधकांकडे कारणं आहेत. रॉबर्ट मार्टिनने आपल्या 'क्लीन कोड' (२००८) या पुस्तकात लिहिलंय की तो पूर्वी असेच रकाने लावायचा, नंतर सोडून दिलं. डोळा उभा घसरतो, नावांची यादी वाचतो आणि कोणत्या नावाची कोणती किंमत ते बघतच नाही. यादी इतकी लांब आहे की रकाने लावावे लागतायत, तर दुखणं यादीच्या लांबीत आहे, असं त्याचं म्हणणं. पायथॉन भाषेचे २००१ सालचे शैलीचे नियम तर स्पष्टच सांगतात की बरोबरचं चिन्ह रांगेत आणायला जादा स्पेस घालू नका. त्याच पायथॉनमध्ये ओळीच्या सुरुवातीच्या स्पेसना मात्र अर्थ आहे, त्या चुकल्या तर प्रोग्रामच चुकतो.

डोळा सरळ रेषेवर किती आंधळा विश्वास ठेवतो याचं मोठं उदाहरण फेब्रुवारी २०१४ मधलं. अ‍ॅपलच्या सुरक्षित जोडणीच्या कोडमध्ये 'गोटू फेल' ही ओळ चुकून दोनदा आली होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, जणू दोन्ही वरच्या अटीखालीच आहेत. प्रत्यक्षात अटीखाली फक्त पहिली. दुसरी दर वेळी चालायची, आणि समोरच्या सर्व्हरची सही तपासायचं काम गाळून पुढे उडी मारायची. आयफोनसकट सगळीकडे ते भोक होतं. बघणाऱ्याला ती मांडणी नीटनेटकीच वाटली असणार. पुढे २०१६ मध्ये जीसीसी या कंपायलरच्या सहाव्या आवृत्तीत, मांडणी दिशाभूल करत असेल तर इशारा द्यायची सोय आली.

सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळी आहे, आणि इथे माझी फजिती येते.

आम्ही कोणत्या ओळीत कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवतो. बेल लॅब्जमध्ये सत्तरच्या दशकात डग मॅकिलरॉयने डिफ हा प्रोग्राम केला, तो दोन प्रतींतला फरक ओळीओळीने दाखवतो. आज २००५ साली लिनस टॉरव्हाल्ड्सने केलेलं गिट सर्वत्र आहे, पण फरक बघायची रीत तीच, ओळीची. ओळीत एक स्पेस वाढली तरी ती ओळ बदलली. यादीत एक लांब नाव आलं की रकाना सरकतो, शंभर ओळी बदलतात, आणि त्या शंभर ओळींवर नाव लागतं ते शेवटी अलाइन करणाऱ्याचं.

२०१६ सालची गोष्ट. एका गिऱ्हाईक कंपनीसाठी आम्ही बिलिंगचं काम करत होतो. त्यात राज्याराज्यांच्या दरांची एक फाइल होती, सुमारे तीनशे ओळींची. ती मुळात एका ज्येष्ठ सहकाऱ्याने लिहिलेली. आम्ही देशी मंडळी त्यांना आपापसात आजोबा म्हणायचो. मेनफ्रेमवर वाढलेला माणूस, प्रत्येक ओळ हाताने स्पेस मारून रांगेत आणलेली. ते निवृत्त होऊन गेले होते. मला त्यात एक नवा दर घालायचा होता आणि त्याचं नाव होतं लांबलचक. रांग मोडली. मी टॅब्युलर चालवलं, तीनशे ओळी एका फटक्यात सुतासारख्या सरळ केल्या, आणि जाता जाता एका ओळीतला दर हाताने दुरुस्त केला. तिथे माझी बोटं उलटसुलट पडली. ०.०७२५ च्या जागी ०.०७५२.

तपासणाऱ्याने बघितलं तर तीनशे ओळी लाल, तीनशे ओळी हिरव्या. वर मीच लिहिलेलं, "फक्त अलाइनमेंट आणि एक नवा दर." त्याने मान्यता दिली. मीही दिली असती. नऊ दिवस एका राज्यातली बिलं चुकीची गेली. मग कॉन्फरन्स कॉल, मग परताव्याची पत्रं. त्या कॉलमध्ये कुणी मला रागावलं नाही, तेच जास्त झोंबलं. आणि मला कौतुक होतं ते सरळ रकान्यांचं! रकाने सरळ असले की एखादा आकडा गाळला गेला तर खड्डा दिसतो. आकडे बरोबर संख्येने पण चुकीच्या क्रमाने बसले तर रांग तितकीच देखणी दिसते.

दुसरा भाग नंतर कळला. एका जुन्या दराबद्दल शंका आली, तो कुठून आला हे विचारायचं होतं. गिटला विचारलं, ही ओळ कोणाची? माझी. ही? माझी. सगळ्या तीनशे माझ्या. आजोबांनी कित्येक वर्षं एकेक करून भरलेल्या त्या ओळींवर त्यांचं नावच उरलं नव्हतं, आणि कोणता दर कोणत्या साली भरला तेही दिसेना. शेवटी टीममधल्या एका नव्या मुलीने सांगितलं की स्पेसचे बदल दुर्लक्षून बघायचा पर्याय आहे, एका अक्षराचा. तो दिला आणि ओळीओळीपुढे त्यांचं नाव परत आलं, तारखांसकट. शंका होती तो दर त्यांनी २००९ च्या डिसेंबरात भरला होता, सोबत कारणही नीट लिहून.

तेव्हापासून मी अलाइनमेंट वेगळी नोंदवतो, त्यात दुसरा एकही बदल घालत नाही. २०१९ च्या ऑगस्टपासून गिटमध्ये एक यादी ठेवायची सोय झाली आहे. ज्या बदलांत नुसतं सारवणं-रंगवणं झालं ते त्या यादीत टाकायचे, म्हणजे कोणाची ओळ हे बघताना ते मोजले जात नाहीत. गो भाषेच्या लोकांनी तर २००९ पासूनच वादावर पडदा टाकलाय. त्यांचं गोफएमटी हे साधन ठरवेल तीच मांडणी. शेजारशेजारच्या ओळींतल्या टिपा आणि रकाने ते स्वतः रांगेत आणतं, कुणाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच नाही. मला ते पटतं, पण मनापासून सांगायचं तर टॅब्युलरची आज्ञा देऊन एंटर मारण्यात जी मजा आहे ती त्यात नाही.

आत्याला ही सगळी फजिती त्याच कॉलवर सांगितली. तिला बिलांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटलं. "म्हणजे मधेच लांब नाव आलं तर तुमचं यंत्र सगळे रकाने आपोआप सरकवतं?" मी हो म्हटलं. मग विचारलं, "तुझं काय व्हायचं गं तसं झालं तर? निम्मं पान टाइप झाल्यावर?"

"काय व्हायचं! कागद काढायचा, नवा घालायचा. कार्बनसकट तीन प्रती. आणि साहेबांना सांगायचं, संध्याकाळपर्यंत देते."